जिथं कूलर चालत नाही

बँकॉकमधल्या पहिल्या दुपारी मी तेच केलं, जे अकोल्याचा कुठलाही शहाणा माणूस मे महिन्यात करतो. दुपट्टा नळाखाली धरला, अर्धवट पिळला, डोक्याला आणि कानांना गुंडाळला आणि रस्त्यावर उतरलो. आमच्याकडे असा दुपट्टा वीसेक मिनिटांत खडखडीत वाळतो आणि तेवढा वेळ डोकं थंड राहतं. वाळला की पुढच्या पाणपोईवर पुन्हा भिजवायचा. उन्हाळ्यात गाव असंच पाणपोई ते पाणपोई पार करायचं असतं. बँकॉकमध्ये मी दीड तास चाललो. दुपट्टा वाळला तर नाहीच, उलट जड होत गेला. डोक्याला कुणीतरी गरम पोटीस बांधून दिलंय असं वाटायला लागलं.

"काढ ते पोतेरं," रत्नागिरीकर म्हणाला. "लोक बघतायत."

रत्नागिरीकर हा माझा पुण्याचा रूममेट. चार वर्षं एका खोलीत काढली, पण त्याला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. आदल्या रात्री विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा मला ओल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखं झालं, आणि हा छाती भरून श्वास घेत म्हणाला, "ही तर आमचीच हवा. कुणी बांगडे तळत असलं की झालं." महिनाभराच्या प्रवासात त्याचा हा तोरा उतरायला सिंगापूर यावं लागलं. ते पुढे सांगतो.

माझ्या वडिलांचं अकोल्यात कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं, वाइंडिंगचं मशीन आणि बाहेर फुटपाथवर ओळीनं उभी असलेली लोकांची कूलरं. मार्च ते जून हा धंदा, उरलेले महिने शेतकऱ्यांचे पंप. कूलरच्या तीन बाजूंच्या जाळ्यांत लाकडाच्या केसांसारख्या बारीक सालींचं जे भरताड असतं, त्याला आमच्याकडे नुसतं 'गवत' म्हणतात. ते दर उन्हाळ्यात बदलावं लागतं. लहानपणी ते भरायचं काम माझं. हाताला खाज सुटते, पण पहिल्यांदा पाणी सोडल्यावर त्याचा जो वास घरभर होतो तो माझ्यासाठी सुट्टीचा वास आहे. वाळ्याचा वास वगैरे श्रीमंतांच्या गोष्टी.

पुढे मी मेकॅनिकलला गेलो आणि तिसऱ्या वर्षी सायक्रोमेट्रिक चार्ट नावाचा तक्ता समोर आला. आडव्या, उभ्या, तिरप्या रेषांची इतकी गर्दी, की बहुतेक मुलं तो परीक्षेपुरता ओळखतात. मला मात्र तो पाहताना दुकान दिसायचं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा खाली येतो, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितका पारा जास्त उतरतो. तो जिथं थांबतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि कूलर कितीही नवा असला तरी त्याची हवा त्याच्या खाली जात नाही. अकोल्यात ४५ अंश ऊन आणि हवेत १२ टक्के आर्द्रता असेल, तर ओला पारा २२च्या आसपास येतो. म्हणून तर बाहेर डांबर वितळत असताना आम्ही आत चादर घेऊन झोपतो. बँकॉकमध्ये ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरा. ओला पारा २९वर अडकतो. बातम्यांत जे गाव अकोल्यापेक्षा नऊ अंशांनी थंड, तेच अंगाला सात अंशांनी गरम. घाम म्हणजे तरी काय, देवानं दिलेला कूलर. हवेनं पाणी घ्यायचं नाकारलं की तो नुसता गळतो.

बाबांनी हा चार्ट कधी पाहिलेला नाही. मुंबईहून बदलून आलेलं एखादं गिऱ्हाईक तक्रार करतं, की हाच कूलर मुंबईत काही कामाचा नव्हता. बाबा त्याला एका वाक्यात सांगतात, "कूलरले कोरडी हवा लागते साहेब, दमट हवेत तो नुसता पाणी पेते."

आता प्रवासाचं कारण. मी २०२३ साली पदवी घेतली. कॅम्पसमध्येच नोकरी लागली होती, सॉफ्टवेअरमध्ये. मेकॅनिकलचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये जातो याचं आता कुणाला नवलही वाटत नाही. ऑफर लेटर हातात होतं, पेढे वाटून झाले होते, फक्त जॉइनिंगची तारीख नव्हती. ती तीनदा पुढे गेली आणि चौथ्यांदा तर पुढे गेल्याचंही कुणी कळवलं नाही. मी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेत वर्ष काढलं. दर सकाळी मेल उघडायचं, बंद करायचं. घाम गळतोय पण वाळत नाही, अशी ती अवस्था होती. (ही उपमा मला बँकॉकमध्ये सुचली आणि मी ती मोठ्या कौतुकानं रत्नागिरीकराला ऐकवली. तो म्हणाला, "कविता करण्यापेक्षा पावडर लाव.") थायलंड आणि मलेशियानं भारतीयांना व्हिसा माफ केला होता, शिकवणीचे पैसे साठले होते, आणि रत्नागिरीकरही माझ्यासारखाच तारखेची वाट बघत होता. मे २०२४च्या मध्यावर आम्ही निघालो. "अकोल्याचा उन्हाळा सोडून दुसऱ्याचा उन्हाळा पाहायला चाललाय," असं काका म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

बँकॉकच्या आमच्या गेस्टहाउसची मालकीण साठीची असेल. गल्लीत तळमजल्यावर तिचं घर, वर चार खोल्या. ती सकाळी विचारायची, जेवलात का. हे मला ओळखीचं होतं. पण दुपारी आम्ही लाल तोंडं घेऊन आलो की दुसरा प्रश्न यायचा, आणि त्यासाठी ती डोक्यावर अदृश्य तांब्या ओतून दाखवायची. आंघोळ केली का? सकाळी केली होती, असं मी खुणेनं सांगितलं. तिनं मान हलवली. सकाळची आंघोळ सकाळची. थायलंडमध्ये हा प्रश्न आपुलकीचा आहे, दिवसातून दोन-तीनदा आंघोळ ही तिथली साधी रीत आहे, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र मला वाटलं, मी इतका घाण वास मारतोय की काय. तिनं एक पावडरचा डबाही दिला. आंघोळीनंतर ती लावली की अंगावर बर्फाचा वारा फिरल्यासारखं होतं. पुदिन्याच्या अर्काची करामत. खोटा थंडावा, पण दहा मिनिटं पुरतो.

तिची भाषा मला एक अक्षर कळत नव्हती, तरी चार दिवसांनी कानाला ओळखीचे शब्द सापडायला लागले. हवामानाला ते 'आकात' म्हणतात. आपलं आकाश तिकडं जाऊन हवा झालंय. ऋतूला 'रुदू', वेळेला 'वेला', अन्नाला 'आहान'. ती रोज कपाळ पुसत म्हणायची, आकात रॉन. आकाश गरम आहे. मराठीत आपण ऊन लागलं म्हणतो, म्हणजे वरून कुणीतरी मारलं. आकाशच गरम म्हटलं, की त्यातून पळून कुठं जाणार? आमच्याकडे पळायला जागा आहे. खिडक्या बंद करायच्या, पडदे ओढायचे, अकरा ते पाच घराबाहेर पडायचं नाही. तिच्या घराला तर दिवसा दारच नव्हतं. पुढची लोखंडी जाळी पूर्ण उघडी, तीन पंखे, जमिनीवर थंड फरशी आणि त्यावर पाय पसरून बसलेली ती. दार बंद करणं म्हणजे तिथं गुदमरणं. मला पहिले दोन दिवस त्या उघड्या घरात चोरासारखं वाटत होतं. उन्हाळ्यात दार उघडं टाकलं म्हणून मी आईचा मार खाल्लेला आहे.

त्या वर्षी एप्रिलमध्ये बँकॉकला उष्णता निर्देशांक ५२च्या वर जाईल असा इशारा सरकारनं दिला होता. मेमध्ये वळवाच्या सरी सुरू झाल्या होत्या, पण त्यानं फरक एवढाच पडायचा, की पाऊस थांबल्यावर रस्त्यातून वाफ निघायची. आम्ही सेन सेप कालव्यातली लांबट बोट धरून शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचो. हा कालवा १८३०च्या दशकाच्या शेवटी व्हिएतनामच्या बाजूला फौजा नेण्यासाठी खणला. आता त्यातून ऑफिसला जाणारे लोक जातात. समोरून दुसरी बोट आली, की कडेला बसलेला माणूस दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर करतो, कारण ते काळं पाणी तोंडावर घेण्याच्या लायकीचं नाही. पूल आला की बोटीचं छप्परच खाली बसतं. आपण डोकं वाकवायचं. मला हे वाहन फार आवडलं. उकाड्यात वारा विकत मिळण्याची बँकॉकमधली सर्वांत स्वस्त जागा ती.

कंबोडियाच्या सीमेपर्यंत आम्ही तिसऱ्या वर्गाच्या गाडीनं गेलो. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, छताला पंखे. दोन्ही बाजूंना भातखाचरं. रत्नागिरीकर गप्प झाला होता. तो घरच्या आठवणीनं गप्प होतो.

अंकोरबद्दल लिहायला लागलं की लोक सूर्योदयापासून सुरुवात करतात. तो आम्हीही पाहिला, हजारभर मोबाइलांच्या मागून. एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, म्हणजे माझ्या एका विद्यार्थ्याची तीन महिन्यांची फी. त्यामुळं पहाटे पाचला आत गेलो ते संध्याकाळी हाकलेपर्यंत बाहेर यायचं नाही असं ठरवलं होतं. पर्यटक दहा-साडेदहाला हॉटेलात परततात. साडेअकराला त्या अवाढव्य देवळात आम्ही जवळजवळ एकटे होतो आणि दगड तव्यासारखा तापला होता. पळत पळत पूर्वेकडच्या ओवरीत शिरलो आणि समोर समुद्रमंथन उभं राहिलं.

दुसऱ्या सूर्यवर्म्यानं बाराव्या शतकात हे विष्णूचं देऊळ बांधलं, एवढं वाचलं होतं. पण ४९ मीटर लांब वासुकी डोळ्यांत एकदम मावत नाही. चालत चालत वाचावा लागतो. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मिळून सुमारे १८०, सगळे एका लयीत मागे रेललेले, रस्सीखेचीत रेलतात तसे. मध्ये विष्णू. शेपटीच्या टोकाला वानर. खाली समुद्रातले मासे आणि मगरी, आणि रवीच्या जवळ आलेल्यांचे चक्क दोन तुकडे झालेले. हात लावून लावून लोकांनी काही भाग काळा गुळगुळीत करून ठेवलाय. मी तिथं तासभर बसलो असेन. मेहनतीचं एवढं मोठं चित्र माझ्या पाहण्यात दुसरं नाही, पण १८० जणांत कुणालाही घाम आलेला नाही. शिल्पकाराला मात्र आला असणार. घामाचा थेंब दगडात कोरता येत नाही, किंवा त्याला रोजच्या गोष्टीत कोरण्यासारखं काही वाटलं नसेल.

१२९६ साली झोउ दाग्वान नावाचा एक चिनी माणूस राजदूतांच्या ताफ्यातून अंकोरला आला आणि सुमारे वर्षभर राहिला. त्यानं जे लिहून ठेवलं त्यावर आज अंकोरच्या रोजच्या जगण्याची बरीचशी माहिती उभी आहे. देवळं, राजाची मिरवणूक, बाजार हे सगळं त्यात आहेच. पण मला त्यातली एक तक्रार फार जवळची वाटते. हा देश भयंकर गरम आहे, दिवसातून अनेकदा आंघोळ केल्याशिवाय भागत नाही, रात्रीसुद्धा एक-दोनदा करावी लागते, अशा अर्थाचं तो लिहितो. सातशे वर्षांत गेस्टहाउसच्या मालकिणीनं काही नवीन सांगितलं नव्हतं.

देवळाभोवतीचा खंदक जवळजवळ दोनशे मीटर रुंद आहे. आणि पश्चिमेकडचा बराय, म्हणजे राजांनी बांधलेला तलाव, आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद. माणसांनी बांध घालून केलेला, आणि हजार वर्षांनंतरही त्यात पाणी. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथंच गेलो. काठावर झापांच्या झोपड्या, त्यांत हॅमॉक टांगलेले, बायका भाजलेले मासे आणि ताडगोळे विकत होत्या. ताडगोळे पाहून रत्नागिरीकराला भरून आलं. तो विकणारीच्या शेजारी उकिडवा बसून तिला सोलून द्यायला लागला, आणि तिनंही काही न विचारता त्याला सुरी दिली. आम्हाला घेऊन आलेल्या टुकटुकवाल्यानं आपल्या गाडीतच या टोकापासून त्या टोकाला हॅमॉक बांधला आणि झोपला. तिथले सगळे टुकटुकवाले दुपारी हेच करतात. गळ्यात चौकड्यांची क्रामा असते, तीच तोंडावर घेतात. आमच्या दुपट्ट्याची सख्खी बहीण, फक्त ओली करायची गरज नसलेली.

मी पाण्यात उतरलो. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो आणि तेवढ्यात काठावर फोन वाजला. आईचा.

"काय करून राह्यला?"

"आंघोळ."

"या वक्ती?"

"तिसरी आहे आजची."

ती काही बोलली नाही. मी बोलून गेलो आणि मग माझ्या लक्षात आलं. अकोल्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात लग्न असल्यासारखी धावपळ असते. ड्रम, हंडे, घागरी, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरतात. कूलरच्या टाकीत जाणारं पाणी आई आधी डोळ्यांनी मोजते. आंघोळीला एक बादली, त्यातही शेवटचा तांब्या तुळशीला.

"यावेळी नळ सहाव्या दिवशी आला," ती म्हणाली. "अन् इथं जमावबंदी लागली. पहिले दंग्याची लागे, आता उन्हाची लागली."

ते खरं होतं. पारा ४५च्या पुढे गेला म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी मेअखेरपर्यंत कलम १४४ लावलं होतं. मजुरांना पाणी-सावली द्या, शिकवणीचे वर्ग भर उन्हात भरवू नका, असा तो आदेश. माझे वर्ग बंदच होते, पण आदेशात आपला धंदा वाचून मला उगाच महत्त्व आल्यासारखं झालं.

"खिशात कांदा ठेवतं ना?" तिनं शेवटी विचारलं.

मी हो म्हणालो. आठ किलोमीटर लांब तलावात उभा राहून.

व्हिएतनामबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सायगावमध्ये मला पोटाचा त्रास झाला आणि चारपैकी तीन दिवस मी छताकडे पाहत काढले. एवढं आठवतं, की स्कूटरवरच्या बायका डोळे सोडून सगळं झाकून घेतात. हातमोजे, टोपीचं जॅकेट, मांड्यांवरून गुंडाळायचा कापडी घोळ. ट्रॅफिक सिग्नलला पाहिलं तर पुण्याचा लक्ष्मी रस्ता. त्या काही उकाड्यापासून वाचत नव्हत्या, आत शिजतच असणार. त्या रंग वाचवत होत्या. यावर मत देण्याचा अधिकार पुण्यात राहिलेल्या माणसाला नाही.

मलेशियात पेनांगला पोचलो तेव्हा जून लागला होता आणि दुरियान पिकला होता. मलय भाषेत त्याला 'मुसिम दुरियान' म्हणतात. मुसिम म्हणजे आपला मोसम, अरबी व्यापाऱ्यांनी दोन्ही किनाऱ्यांवर टाकलेला एकच शब्द. बालिक पुलाउच्या रस्त्याला टेकडीच्या उतारावर एका आजीबाईंचा ठेला होता. तिनं कोयत्यानं फळ फोडलं. वासाबद्दल जे काही लिहिलं गेलंय ते सगळं खरं आहे, आणि चवीबद्दलही. सायीत कांदा घोळवून त्यावर खवा घातला तर कदाचित जवळ जाईल. आजीबाई आमच्याकडे बोट दाखवून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पानास, पानास."

"बघ," रत्नागिरीकर उडालाच. "फणसच म्हणतायत ते!"

तिच्या नातवानं इंग्रजीत खुलासा केला. पानास म्हणजे गरम. दुरियान अंगाला उष्ण पडतो, सोबत मँगोस्टीन खा, तो थंड. आणि दुरियानच्याच सालीच्या खोलगट वाटीत मीठ-पाणी घालून प्या, म्हणजे उष्णता मरते. हे ऐकून मला इतकं घरी आल्यासारखं झालं, की सांगता येत नाही. आंबा उष्ण, म्हणून पाण्यात भिजवून खायचा. पपई उष्ण, ताक थंड, गूळ उष्ण, सब्जा थंड. असला तक्ता कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. थर्मामीटर लावून पाहिला तर दुरियान आणि मँगोस्टीन एकाच तापमानाचे निघतील. आम्ही सालीतलं खारट पाणी मुकाट्यानं प्यालो. काही अपाय झाला नाही, यापलीकडे मी शास्त्रीय विधान करणार नाही.

सिंगापूरला रत्नागिरीकराची मावसबहीण राहते. विषुववृत्त तिच्या घरापासून दीडशे किलोमीटरच्या आत. तिथं उन्हाळा असा नसतोच, कारण दुसरं काही येतच नाही. ली क्वान यू यांनी एअर कंडिशनरला इतिहासातल्या फार मोठ्या शोधांपैकी एक म्हटलं होतं, आणि १९५९ साली पंतप्रधान झाल्यावर आपण पहिल्यांदा सरकारी कचेऱ्यांत तो बसवला, असं ते सांगत. नाहीतर काम फक्त सकाळी लवकर आणि संध्याकाळीच होणार. त्या शहराचं सगळं वैभव या एका यंत्राच्या मागच्या बाजूनं फेकलेल्या गरम हवेतून आपल्याला चालत पाहावं लागतं. मॉलमध्ये शिरलो की दात वाजतात, बाहेर आलो की चष्म्यावर वाफ. बहिणीच्या ऑफिसच्या खुर्चीवर कायमचा एक स्वेटर टांगलेला असतो. तिसऱ्या दिवशी रत्नागिरीकराला सर्दी झाली, चौथ्या दिवशी ताप. बँकॉकच्या घामात, अंकोरच्या दगडात, बसच्या टपावरच्या सामानाखाली ज्याला काही झालं नाही, तो विषुववृत्ताजवळ थंडीनं आजारी पडला. मी त्याच्या डोक्यावर ओली पट्टी ठेवली. बंद खोलीत एसी चालू होता. पट्टी पटकन वाळली.

बहिणीची एक तक्रार होती. नोकरी छान, शाळा छान, पण कुरडया वाळत नाहीत. एकदा गॅलरीत घातल्या तर तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी. तेव्हापासून दर वर्षी आई डबा पाठवते. मी हे ऐकून थांबलोच. आमच्या उन्हाला मी जन्मभर शिव्या दिल्या. त्याच उन्हात गच्चीवर साड्या अंथरून कुरडया, शेवया, सांडगे, मूगवड्या दोन दिवसांत खुळखुळ वाजायला लागतात. त्यावर चिमण्या आणि आम्ही मुलं. दमट देशांना मासळी, नारळ, तीन आंघोळी. आम्हाला वाळवण. वाटणी बरोबर झाली का, हे मी ठरवू शकत नाही.

रत्नागिरीकर झोपला होता म्हणून मी एकटाच हिंडलो. जुन्या दुकानांच्या पुढं पाच फुटांच्या ओवऱ्या आहेत. रॅफल्सनं १८२२च्या नगररचनेत त्या सक्तीच्या केल्या, ऊन-पावसात माणसाला सलग चालता यावं म्हणून. दोनशे वर्षांपूर्वीची ही एक ओळ आजही हजारो डोक्यांवर सावली धरते. दुपारी एका बांधकामाशेजारी झाडाखाली मजूर बसले होते. त्यांतले बरेच तमिळ आणि बंगाली बोलत होते. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं शेजारी टेकलो. एकानं भिंतीवरचा फलक दाखवला. तिथं आकडे लिहिले होते. २०२३च्या ऑक्टोबरपासून तिथं नियम आहे. ओला पारा आणि उन्हाचा ताप एकत्र मोजणारं यंत्र ३२ अंश दाखवायला लागलं, की जड काम करणाऱ्याला दर तासाला किमान दहा मिनिटांची विश्रांती द्यायची, ३३ला पंधरा.

मी तो फलक बराच वेळ पाहत राहिलो. कॉलेजात ज्या ओल्या पाऱ्यासाठी मला सात मार्क मिळाले होते, त्याची इथं दहा मिनिटं मिळत होती. हा पारा ३५वर जाऊन बसला, तर सावलीत बसलेला, पाणी पीत असलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे टिकत नाही, असं शरीराचं गणित सांगतं, आणि अलीकडचे प्रयोग तर ही मर्यादा त्याच्याही खाली असल्याचं सांगतात. आपल्याकडे बातम्यांत अजून नुसता कोरडा पारा सांगतात. अकोला ४५, चंद्रपूर ४६, जिंकल्यासारखं. मुंबईच्या ३५ची कुणी दखलही घेत नाही.

त्या मजुराची दहा मिनिटं संपली. त्यानं टॉवेल पिळला. पाणी जमिनीवर पडलं आणि तसंच राहिलं.

जूनच्या मध्यावर मी घरी आलो. गाडीतून उतरलो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते आणि कोरड्या वाऱ्यात माझा महिन्याभराचा दमट शर्ट स्टेशनपासून घरापर्यंत वाळला. आईनं आंघोळीला बादली काढून ठेवली होती. एक. मी ती पुरवली. शेवटचा तांब्या ठेवायला विसरलो नाही. (जॉइनिंगचं मेल पुढं सप्टेंबरात आलं. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही.)

दुकानात अजून गर्दी होती. बाबांना मी बँकॉकचा ओला पारा, तीन आंघोळी, सिंगापूरची दहा मिनिटं असं सगळं सांगितलं. ते मोटारीवर तार गुंडाळत ऐकत होते.

"म्हणजे तिकडं कूलर नाहीच?"

"नाही."

"अन् दुरुस्तीवाले काय करतात?"

"एसी."

"हं," ते म्हणाले आणि पुढची मोटार घेतली.

दोन दिवसांनी संध्याकाळी पहिला पाऊस आला. तासभरच, पण चांगला. सगळी गल्ली बाहेर येऊन उभी राहिली. रात्री नेहमीप्रमाणे कूलर लावून झोपलो. बाराच्या सुमाराला मला जाग आली. चादर अंगाला चिकटत होती, उशी ओलसर लागत होती आणि खोलीत ती ओळखीची, बँकॉकच्या विमानतळाबाहेरची घोंगडी पसरली होती. मी उठून बसलो. बाबाही जागे होते.

"पंप बंद कर," ते अंधारातून म्हणाले. "आता नुसता पंखा चालू दे."